मु.पो. म्हणजे नेमकं काय? पत्त्यातल्या मु., पो., ता., जि. बद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या गावी लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते, त्यामुळे दिवसभर पत्ते टाइप करणं हेच काम. पत्त्याचा रकाना आला की आजोबा मंडळी एका दमात "मुक्काम पोस्ट अमुक, तालुका तमुक" सांगून मोकळी होतात, आणि कॉलेजातली पोरं मात्र तिथेच अडकतात, मग घरी फोन लावतात, "आई आपलं पोस्ट कुठलं गं?" हे प्रश्न रोजच येतात म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवलीत.

मु.पो. चा फुल फॉर्म काय?

मुक्काम पोस्ट. मुक्काम म्हणजे तुम्ही राहता ते गाव, आणि पोस्ट म्हणजे तुमच्या गावाचं टपाल ज्या पोस्ट ऑफिसातून वाटलं जातं ते. दोन्ही जोडून मु.पो. लिहिलं की त्याचा अर्थ होतो गाव आणि पोस्ट एकच, म्हणजे पोस्ट गावातच आहे.

आमच्या गावात पोस्टच नाहीये, तरी मु.पो. लिहायचं का?

नाही, आणि सगळ्यात जास्त चूक इथेच होते. सगळे लिहितात म्हणून आपणही मु.पो. लिहायचं असं होऊन बसलंय, लोकांना तो पत्त्याच्या आधी लावायचा शब्द वाटतो, जसं नावाआधी श्री. लावतात तसं. पण मु. वेगळं आणि पो. वेगळं. समजा तुम्ही माळवाडीत राहता आणि माळवाडीचं टपाल निमगावच्या पोस्टातून येतं, तर पत्ता असा होईल:

मु. माळवाडी, पो. निमगाव,
ता. अमुक, जि. तमुक,
पिन – सहा आकडे

यात "मु.पो. माळवाडी" लिहिलं तर वाचणारा माळवाडी नावाचं पोस्ट शोधत बसणार, जे नाहीच. जवळच्या गावांना सवयीने कळतं म्हणून साधं पत्र पोचतंही, पण सॉर्टिंग करणाऱ्याला तुमचं गाव कुठे माहीत असणार? आमच्याकडे एका मुलीचं पॅन कार्ड असंच परत गेलं होतं. पाकिटावर "मु.पो." आणि वाडीचं नाव, खाली जिल्हा, तालुका नाहीच, आणि पिनकोड शेजारच्या मोठ्या गावचा टाकलेला. पोस्टमनचा यात काही दोष नव्हता. पुन्हा फी भरून, पो. मध्ये बरोबर नाव घालून मागवलं तेव्हा आलं, पण तोवर तिची बँकेत खातं उघडायची गडबड चालू होती ती लांबलीच.

पिनकोड असताना पोस्टाचं नाव कशाला हवं?

कारण पिनकोड तुमच्या एकट्या गावाचा नसतो. हे समजून घ्या, मग बाकी सगळं आपोआप कळतं.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. ही पद्धत बसवली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी, आपले मराठी माणूस, केंद्राच्या दळणवळण खात्यात मोठे अधिकारी आणि शिवाय संस्कृतचे नामवंत पंडित. अडचण काय होती तर देशभर एकाच नावाची ढीगभर गावं, पत्ते दहा भाषांत, दहा लिप्यांत, अक्षर लागलं तर लागलं. त्यावर हा सहा आकड्यांचा तोडगा. पहिला आकडा विभागाचा, ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन आकडे मिळून टपालाच्या सॉर्टिंगचा जिल्हा (४०० मुंबई, ४११ पुणे शहर, ४०३ गोवा, ४४० नागपूर) आणि शेवटचे तीन त्यातलं पोस्ट ऑफिस.

आता खेड्यातली गंमत अशी की पोस्टाचे तीन थर असतात: मुख्य डाकघर, त्याखाली उपडाकघर, आणि त्याखाली गावोगावची शाखा डाकघरं. आपल्या खेड्यात एका खोलीत, कधी कधी शाखा पोस्टमास्तरच्या घराच्या ओसरीतच चालतं ते शाखा डाकघर. पिनकोड साधारणपणे वरच्या उपडाकघराचा असतो आणि त्याच्या हाताखालच्या सगळ्या शाखांना तोच लागू होतो. म्हणजे पिनकोड बघून पाकीट उपडाकघरापर्यंत येणार. तिथून ते कुठल्या शाखेच्या थैलीत टाकायचं हे ठरतं "पो." पुढच्या नावावरून, आणि त्या शाखेचा ग्रामीण डाक सेवक कुठल्या वाडीवर सायकल न्यायची हे ठरवतो "मु." पुढच्या नावावरून. प्रत्येक तुकड्याला स्वतःचं काम आहे, एक गाळला तर त्या टप्प्यावर कुणाला तरी अंदाज करावा लागतो. पिनकोड आला म्हणून मु. आणि पो. ची गरज संपली असं अजिबात नाहीये.

मु.पो.ता. आणि मु.पो.ता.जि. असं पण बघितलंय, ते काय?

तीच युक्ती पुढे वाढवलेली. गाव, पोस्ट आणि तालुका एकाच नावाचे असले की "मु.पो.ता. कर्जत, जि. रायगड". आणि जिल्ह्याचं पण तेच नाव असेल तर "मु.पो.ता.जि. लातूर", एका नावात चार गोष्टी झाल्या. मला हे फार आवडतं, इतकं आटोपशीर दुसऱ्या कुठल्या पद्धतीत बघितलं नाही. फक्त ऑनलाइन फॉर्ममध्ये असं लिहू नका, तिथे चारही रकान्यांत तेच नाव चार वेळा टाकायचं.

तालुका लिहिला नाही तर काय बिघडतं?

खूप बिघडतं. आपल्याकडे नावं पुन्हा पुन्हा येतात. वडगाव, पिंपळगाव, टाकळी, निमगाव, सावरगाव ही तर जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात सापडतील. पण नुसती खेडीच नाही, तालुक्यांची नावं पण डबल आहेत. कर्जत रायगडमध्ये आहे (४१०२०१) आणि अहिल्यानगरमध्ये पण आहे (४१४४०२). खेड रत्नागिरीत आहे आणि पुणे जिल्ह्यात पण आहे, पुण्यातल्या खेडचं गाव आता राजगुरुनगर म्हणतात पण तालुका अजून खेडच. कळंब धाराशिवला आणि यवतमाळला. मालेगाव नाशिकला आणि वाशिमला. आष्टी बीडला आणि वर्ध्याला, सेलू परभणीला आणि वर्ध्याला.

आणि शिरूर तर बघाच: पुणे जिल्ह्यातलं शिरूर, ज्याला जुने लोक घोडनदी म्हणतात, बीडमधलं शिरूर कासार, लातूरमधलं शिरूर अनंतपाळ, आणि लातूरमध्येच अहमदपूर तालुक्यात शिरूर ताजबंद. म्हणजे नुसता जिल्हा लिहून पण भागत नाही. अशा गावांचं मागचं नाव पत्त्यातून कधीच गाळू नये. कासार, अनंतपाळ, ताजबंद हे शोभेला नाहीयेत, कारंजा लाड (वाशिम) आणि कारंजा घाडगे (वर्धा) यांच्यात फरक फक्त त्या मागच्या शब्दाचाच आहे.

गावाच्या नावापुढे बु. आणि खु. लिहितात ते काय असतं?

बुद्रुक आणि खुर्द. फारसीतून आलेत, बुजुर्ग म्हणजे थोरला आणि खुर्द म्हणजे धाकटा. एका गावाचे दोन भाग झाले किंवा शेजारी त्याच नावाची दुसरी वस्ती झाली की थोरलं ते बुद्रुक, धाकटं ते खुर्द. पुण्यातलीच उदाहरणं घ्या, वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द, आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द, कोंढवा बुद्रुक आणि कोंढवा खुर्द. हे थोरलं-धाकटं नाव पडलं तेव्हाचं असतं, आज कुठे लोकवस्ती जास्त आहे याच्याशी त्याचा संबंध लावू नका.

इंग्रजीत याचं बीके आणि केएच होतं, आणि आता ते इतकं रुळलंय की मराठी मुलं पण तोंडाने "वडगाव बीके" म्हणतात, रिक्षावाल्याला सुद्धा तसंच सांगतात. मला हे मनापासून खटकतं. बुद्रुक हा काय अवघड शब्द आहे का? निदान बोलताना आणि मराठीत लिहिताना तरी बुद्रुक म्हणा, खुर्द म्हणा.

अजून दोन-तीन अशी जुनी चिन्हं आहेत. "क." म्हणजे कसबा किंवा कसबे, बाजारपेठेचं गाव. "मौ." किंवा मौजे म्हणजे साधं खेडं. कोल्हापूर जिल्ह्यात कागल तालुक्यात कसबा सांगाव आणि मौजे सांगाव अशी दोन्ही गावं आहेत, नुसतं सांगाव लिहिलं तर काय कळणार? आणि तर्फ म्हणजे पूर्वीचा एक महसुली विभाग. करवीर तालुक्यात कळंबे तर्फ ठाणे आहे आणि कळंबे तर्फ कळे पण आहे. यातलं "ठाणे" वाचून कुणी जिल्ह्याच्या रकान्यात ठाणे निवडलं तर पाकीट थेट मुंबईकडे निघालं म्हणून समजा! असं गाव असेल तर नाव पूर्ण लिहायचं, जागा कमी पडली तर बाकी काही कमी करा पण हे नको.

सातबाऱ्यावर मौजे लिहिलंय आणि आधारवर दुसरंच गाव आहे, खरं कुठलं?

दोन्ही खरी असू शकतात. सातबारा महसुली गावाप्रमाणे चालतो. तुम्ही राहता ती वाडी त्या महसुली गावात मोडत असेल तर सातबाऱ्यावर वाडीचं नाव येणार नाही. टपालाला मात्र वाडी लागते. जमिनीच्या कागदात सातबाऱ्याप्रमाणे आणि टपालाच्या पत्त्यात मु. पो. प्रमाणे, असं ठेवलं की गोंधळ होत नाही. कोकणात तर गाव एक आणि वाड्या डोंगरभर पसरलेल्या, तिथे वाडीचं नाव सगळ्यात आधी लिहावं.

रा. आणि ह.मु. म्हणजे काय? पोलिसांच्या कागदावर असतं.

रा. म्हणजे राहणार. ह.मु. म्हणजे हल्ली मुक्काम. पोलिसांच्या फिर्यादीत, कोर्टाच्या समन्समध्ये, वकिलाच्या नोटिशीत, पेपरमधल्या जाहीर नोटिशीत हे हमखास दिसतं: "रा. अमुक, ता. अमुक, जि. बीड, ह.मु. पिंपरी-चिंचवड". म्हणजे मूळ गाव ते, पण सध्या राहायला इथे.

मला विचाराल तर पत्त्यातला हा सगळ्यात खरा शब्द आहे. आपल्या अर्ध्या जिल्ह्यांचा पत्ता असाच आहे. पोरगं चाकणला कंपनीत, बायको-मुलं भाड्याच्या खोलीत, म्हातारी गावाकडे, रेशन कार्ड गावचं, मतदान गावचं, मुलांची शाळा इथली. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाचा तर हल्ली मुक्काम सहा महिने फडावरच असतो. सरकारी फॉर्ममध्ये कायमचा पत्ता आणि सध्याचा पत्ता असे दोन रकाने असतात ते याचसाठी, आणि लोक काय करतात तर "दोन्ही सेम" वर टिक मारून पुढे जातात. तसं करू नका! जिथे पोस्टाने कार्ड किंवा कॉल लेटर येणार असेल तिथे ज्या पत्त्यावर कुणीतरी घरी असतं तोच टपालाचा पत्ता द्या. गावाकडे घर बंद असेल आणि स्पीड पोस्ट आलं तर डाक सेवक काही दिवस वाट बघून परत पाठवतो, त्याचाही इलाज नसतो. (पूर्वी आपण ज्याला रजिस्टर पोस्ट म्हणायचो ते १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टातच विलीन झालंय, म्हणून आता सगळं स्पीड पोस्टच.)

दुसऱ्याच्या घरी राहत असाल तर वरती "द्वारा" लिहून घरमालकाचं नाव टाका. खेड्यात आणि चाळीत पोस्टमन घर नंबरावरून कमी आणि नावावरून जास्त शोधतो.

ता. म्हणजे तालुका की तारीख?

दोन्ही. पत्त्यात असेल तर तालुका, "ता. ५ मे" असं असेल तर तारीख. पुढे आकडा आला की तारीख समजायची. विदर्भात बरेच लोक ता. ऐवजी "तह." म्हणजे तहसील लिहितात, ते पण बरोबरच आहे.

इंग्रजीत मु.पो. कसं लिहायचं?

महाराष्ट्रात "अ‍ॅट पोस्ट" किंवा ए/पी लिहायची पद्धत आहे, तालुक्याला टाल आणि जिल्ह्याला डिस्ट. इथल्या पोस्टाला आणि कुरियरवाल्यांना ते कळतं. पण पाठवणारा चेन्नईचा किंवा गुरगावचा असेल तर त्याला ए/पी म्हणजे अपार्टमेंट वाटू शकतं, म्हणून बाहेरच्या कंपन्यांना पत्ता देताना सरळ व्हिलेज, पोस्ट, तालुका, डिस्ट्रिक्ट असे पूर्ण शब्द लिहा.

फॉर्ममध्ये मु.पो. चा रकानाच नाहीये, फक्त अ‍ॅड्रेस लाइन १, लाइन २ आहे. मग?

हे फॉर्म शहरातल्या लोकांना डोळ्यापुढे ठेवून केलेले असतात, फ्लॅट नंबर कंपल्सरी आणि पोस्टाला जागाच नाही. मी असं भरते: लाइन १ मध्ये घर नंबर असेल तर तो, नसेल तर आळी, वस्ती किंवा जवळची खूण (मारुती मंदिराजवळ, झेडपी शाळेमागे). लाइन २ मध्ये मु. आणि पो. दोन्ही नावं. सिटीच्या रकान्यात तालुका. मग जिल्हा, राज्य, पिन. काही साइट टिंब किंवा स्वल्पविराम घेत नाहीत, तेव्हा "मुपो" असं चिकटवून लिहू नका, त्यापेक्षा "पोस्ट निमगाव" असा पूर्ण शब्द टाका.

आधारचा फॉर्म यात बरा आहे. त्यात गाव, पोस्ट ऑफिस, उपजिल्हा, जिल्हा असे वेगळे रकाने आहेत. उपजिल्हा म्हणजे आपला तालुकाच. आधारवर पोस्टाचं नाव चुकलेलं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या, कारण पुढे पॅन, पासपोर्ट, बँक सगळीकडे तोच पत्ता उचलला जातो आणि चूक पण सगळीकडे जाते.

जिल्ह्याचं नाव बदललंय, जुनं लिहू की नवं?

नवं. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं जिल्ह्यांना २०२३ मध्ये लागली, अहिल्यानगर २०२४ मध्ये. पिनकोड मात्र तेच राहिले, त्यामुळे पिन बरोबर असेल तर जुन्या नावाने आलेलं टपाल पण पोचतं. पालघरवाल्यांचा प्रश्न थोडा वेगळा, तो जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला तरी अजून डहाणू, जव्हार, वसईकडच्या जुन्या कागदांवर जि. ठाणे दिसतं. नवीन फॉर्ममध्ये पालघरच निवडा, नाहीतर तालुक्याच्या यादीत तुमचा तालुका सापडणारच नाही.

पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांनी मु.पो. लिहायचं का?

गरज नाही. तिथे इमारत, रस्ता, भाग आणि पिन पुरे.

हे फक्त महाराष्ट्रातच आहे का?

नाही. बेळगावकडचे मराठी लोक अगदी असंच मु.पो. ता. जि. लिहितात, फक्त पिन ५ ने सुरू होतो. गोव्यात मराठीत लिहिताना मु.पो. आणि पुढे तालुका, पेडणे, बार्देश, तिसवाडी असं. गुजरातीत पण मु.पो. आहे आणि राजस्थानातही दिसतं. उत्तर प्रदेश, बिहारकडे मात्र ग्राम, पोस्ट, थाना, जिला अशी रचना असते, म्हणजे पत्त्यात चक्क पोलीस ठाणं येतं. तिकडच्या कामगारांचे फॉर्म भरताना हा थाना कुठल्या रकान्यात टाकायचा हा प्रश्न मला नेहमी पडतो, मी तो पोस्टाच्या नावाच्या पुढे लिहून टाकते.

डिजिपिन आलंय ना, मग आता मु.पो. जाणार का?

डिजिपिन टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलं, आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या एनआरएससीच्या मदतीने. देशाचे साधारण ४ मीटर बाय ४ मीटरचे चौकोन पाडलेत आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-आकड्यांचा कोड दिलाय. शेतातल्या वस्तीवर अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची असेल, जिथे ना रस्त्याला नाव ना घराला नंबर, तिथे हे खरंच कामाचं आहे आणि प्रत्येकाने आपल्या घराचा कोड काढून ठेवावा असं मला वाटतं. पण तो नेहमीच्या पत्त्याच्या जोडीला आहे, पत्त्याच्या ऐवजी नाही. पाकिटावर मु. पो. लागणारच.

माझं पोस्ट कुठलं हे कसं शोधायचं?

टपाल खात्याच्या साइटवर पिनकोड टाकला की त्याखालच्या सगळ्या पोस्टांची यादी येते, पुढे बी.ओ. लिहिलं असेल तर ते शाखा डाकघर. पण यादीत पोस्टांची नावं असतात, वाड्यांची नाही, त्यामुळे दोन पोस्टांच्या मधली वाडी असेल तर यादी बघून सुद्धा कळत नाही. तेव्हा सरळ डाक सेवकाला विचारा, किंवा घरात आधी आलेलं एखादं स्पीड पोस्टाचं पाकीट असेल तर त्यावरचा शिक्का बघा. शेजाऱ्याचं आधार बघून लिहू नका, त्याचं पण चुकलेलं असू शकतं.

पाठवणाऱ्याच्या पत्त्यात पण हे सगळं लिहायला लागतं का?

हो, तितकंच नीट. घेणारा नाही सापडला तर पाकीट त्याच पत्त्यावर परत येणार असतं. आत राखी असू दे नाहीतर कोर्टाचा कागद, मागच्या बाजूला मु., पो., ता., जि. आणि पिन पूर्ण लिहा, आणि शेवटी मोबाइल नंबर टाका.